राजा कोण, हे ठरवतं कोण? मीरी-पीरी, नांदेड आणि तुमचा सिनॉप्सिस



पेट पास झालेल्या मुलांचे सिनॉप्सिस हल्ली वाचायला येतात, आणि त्यात एक नमुना हमखास असतो: 'अमुक धर्मातील आदर्श राज्याची संकल्पना व तिची आधुनिक काळातील प्रासंगिकता'. बौद्ध, जैन, वारकरी, शीख, काहीही घाला, शीर्षक तेच राहतं. आरएसीसमोर असा विषय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "यात तुम्ही शोधणार काय?" आणि पुढे शांतता.

आज यातलाच एक विषय घेऊन बघू. शीख परंपरेत आध्यात्मिक सत्ता आणि न्यायी राज्य यांचं नातं काय, आणि आजच्या कायद्याच्या राज्यात त्याचं काय होतं? मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे धर्मशास्त्रावर निवाडा देणार नाही. पण संकल्पना हातात कशी धरायची हे सगळ्या शाखांत बरंचसं सारखंच असतं. शिवाय या विषयाचं सगळ्यात जिवंत उदाहरण अमृतसरपेक्षा आपल्या नांदेडला सापडतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आधी शब्द. भौतिकशास्त्रात 'कार्य' म्हणजे आपण रोज म्हणतो ते काम नव्हे. दिवसभर भिंत ढकलली, घामाघूम झालात, भिंत हलली नाही, तर तुम्ही भिंतीवर केलेलं कार्य शून्य. शीख ग्रंथांतला 'राज' हा शब्दही असाच फसवा आहे. तो वाचताना डोक्यात किल्ला, फौज आणि झेंडा उभा राहिला की पुढचं सगळं वाचन चुकतं. आणि 'राज म्हणजे फक्त आत्म्याचं राज्य' असं म्हणून मोकळं झालात, तरी चुकतंच.

मीरी-पीरी ही जोडी इथे मदतीला येते. मीरी हा शब्द अमीर, म्हणजे सत्ताधारी, यावरून आला. पीरी हा पीर, म्हणजे अध्यात्मातला गुरू, यावरून. पाचवे गुरू अर्जन यांनी 1604 मध्ये आदि ग्रंथ सिद्ध केला आणि 1606 मध्ये जहांगीरच्या काळात लाहोरला त्यांचा छळ होऊन मृत्यू झाला. त्यांच्यानंतर गादीवर आलेले हरगोबिंद वयाने लहान होते. परंपरा सांगते की त्यांनी दोन तलवारी धारण केल्या, एक मीरीची, एक पीरीची. हरिमंदिराच्या समोर अकाल तख्त उभं राहिलं ते याच सुमारास. तख्त म्हणजे सिंहासन. नुकतंच ज्यांच्या गुरूला बादशाहीने मारलं, त्या लोकांनी मंदिरासमोर सिंहासन मांडलं आणि ते कुणा माणसाच्या नावाने न ठेवता 'अकाल', म्हणजे जो काळाच्या पलीकडे आहे, त्याच्या नावाने ठेवलं.

इथे दोन सोपी उत्तरं मोहात पाडतात. एक: ही युरोपातल्या चर्च आणि राज्य यांच्यासारखी विभागणी आहे. दुसरं: ही धर्मसत्ता आहे, पुरोहितांचं राज्य. दोन्ही बसत नाहीत. दोन तलवारी एकाच माणसाच्या अंगावर आहेत, म्हणजे विभागणी नाही. आणि शीख पंथात पुरोहित वर्गच मान्य नाही, म्हणजे पुरोहितांचं राज्यही नाही. माझ्या मते मीरी-पीरी हा एक दंडक आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने आपल्यापेक्षा वरच्या कुणाला तरी उत्तर द्यायचं, आणि ज्याच्याकडे अध्यात्म आहे त्याने अन्याय दिसला की "आमचा काय संबंध" म्हणून डोळे मिटायचे नाहीत. गुरू नानकांनी बाबराच्या स्वारीवर रचलेली पदं याच वृत्तीची आहेत. ते आक्रमकाला खडसावतात, रयतेचं रक्षण न करणाऱ्या इथल्या राज्यकर्त्यांना सोडत नाहीत, आणि देवाकडेही तक्रार करतात.

आता आपल्या माणसाकडे येऊ. गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं ते याच नात्यामुळे. पण त्या पदांतलं एक पद आपल्याकडे फारसं चर्चेत येत नाही. भैरव रागातल्या या पदात एक सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि मेलेली गाय जिवंत करून दाखव म्हणतो. नामदेवांची आई रडते, राम सोडून खुदा म्हण म्हणजे जीव वाचेल असं विनवते. नामदेव ऐकत नाहीत. हत्ती अंगावर सोडला जातो. शेवटी गाय उठते आणि सुलतान वरमतो.

चमत्काराची गोष्ट म्हणून हे पद बाजूला ठेवू नका. शेवट बघा. जिंकलेले नामदेव सुलतानाला गादी सोडायला सांगत नाहीत, धर्म बदलायलाही सांगत नाहीत. ते एवढंच मागतात की तू सत्याने आणि शीलाने, नम्रतेने राज्य कर. म्हणजे राजा कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच नाही. तो कसा चालतो, हा आहे. गुरू अर्जनांच्या पदात 'हलेमी राज' हा शब्द येतो. हलेमी म्हणजे नम्रता, सौम्यपणा. कुणी कुणाला पिडणार नाही असं राज्य. संत रविदासांचा 'बेगमपुरा', म्हणजे दुःख नसलेलं आणि कर नसलेलं शहर, तोही याच ग्रंथात आहे. पंढरपूरचा शिंपी, काशीचा चर्मकार आणि पंजाबचे गुरू न्यायी राज्याबद्दल एकाच ग्रंथात बोलतात. 'शीख राजकीय विचार' असं लेबल लावताना ही गोष्ट विसरली की निम्मा विषय हातातून जातो.

1708, गोदावरीकाठ

औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला. त्याच्या मुलांत गादीसाठी लढाई झाली आणि बहादूरशहा बादशहा झाला. गुरू गोबिंदसिंग त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला राहिले. तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि ऑक्टोबर 1708 मध्ये त्यांचं निधन झालं. परंपरेनुसार त्यांनी यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असं जाहीर केलं. म्हणून नांदेडचं सचखंड श्री हजूर साहिब हे पाच तख्तांपैकी एक आहे.

इथे एक छोटी नोंद आहे, ती मला फार आवडते. गुरूंच्या मागे बरीच मालमत्ता राहिली. मुघल नियमाप्रमाणे सरदार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा व्हायची. मग याचं काय करायचं, असा प्रश्न बादशहापुढे गेला. बहादूरशहाने सांगितलं की दरवेशाच्या मालाची आम्हाला गरज नाही, ती वारसांना सोडून द्या.

ही नोंद संशोधकाच्या नजरेने वाचा. मुघल दफ्तराकडे दोनच खाने होते: अमीर किंवा दरवेश. गुरू गोबिंदसिंग दोन्ही होते, आणि तसा खानाच त्या दफ्तरात नव्हता. बादशहाने दयाळूपणे त्यांना दरवेशाच्या खान्यात टाकलं. मीरी-पीरीची व्याख्या शंभर पानांत शिकवण्यापेक्षा हा एक प्रसंग जास्त शिकवतो. आणि लक्षात ठेवा, हा प्रश्न संपलेला नाही. आजची सरकारंही हजूर साहिबकडे बघून तेच विचारतात: ही धार्मिक जागा आहे, की कारभार, निधी आणि जमीन असलेली संस्था? तिच्यावर नेमणार कोण?

गुरुपद ग्रंथाकडे गेलं याचा राजकीय अर्थ मोठा आहे. दरबारातल्या सैनापती या कवीच्या 'श्री गुर सोभा' या ग्रंथात गुरूंनी आपलं रूप खालशाला दिलं आणि शब्दाला गुरू म्हटलं, असा आशय येतो. म्हणजे सार्वभौम आता दोन ठिकाणी आहे: न बदलणारा ग्रंथ, आणि त्याच्यासमोर एकत्र बसून निर्णय घेणारा समुदाय. कुणी एक माणूस "मीच गुरू" म्हणू शकत नाही. अठराव्या शतकात सरबत खालसा भरायचा आणि ग्रंथासमोर ठराव व्हायचा, त्याला गुरमता म्हणत. वाचायला छान वाटतं, पण अडचणही इथेच आहे. ग्रंथ स्वतः सही करत नाही. शेवटी कुणीतरी माणसंच बसणार. कोणती, आणि ती निवडणार कोण?

आदर्श तपासायचा कसा

विज्ञानात आपण विचारतो की हे विधान खोटं ठरवायचं असेल तर काय दिसायला हवं. इथेही तेच विचारा. 'शीख राज्यकर्ते स्वतःला गुरूचे सेवक मानत' हे विधान कुठे तुटेल? उदाहरणार्थ नाण्यांवर आणि शिक्क्यांवर.

नांदेडलाच माधोदास बैरागी गुरूंना भेटला आणि बंदासिंग बहादूर झाला. तो पंजाबात गेला, मे 1710 मध्ये चप्पर चिरीच्या लढाईनंतर सरहिंद घेतलं, लोहगडाहून कारभार केला. त्याच्या हुकुमनाम्यावरचा शिक्का उपलब्ध आहे. त्यावर त्याचं नाव नाही. विजयाचं श्रेय नानक आणि गोबिंदसिंग यांना दिलेलं आहे, आणि 'देग' व 'तेग' यांचा एकत्र उल्लेख आहे. देग म्हणजे लंगरातलं मोठं पातेलं, तेग म्हणजे तलवार. राज्याच्या शिक्क्यावर स्वयंपाकाचं भांडं! जेवू घालणं आणि रक्षण करणं ही राज्याची दोन कामं, आणि क्रमात पातेलं आधी. आपल्याकडची शिवराई आठवा: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तिथे राजाचं नाव असणं हीच मोठी घोषणा होती, कारण बादशहाचं नाव नाकारायचं होतं. दोघेही बादशहाला नाकारतात, पण एक स्वतःचं नाव लिहून आणि दुसरा न लिहून. यावर एक अख्खा शोधनिबंध होऊ शकतो. बंदासिंग 1715 च्या अखेरीस पकडला गेला आणि जून 1716 मध्ये दिल्लीत त्याला मारलं. त्याच्या साथीदारांच्या कत्तलीबद्दल ईस्ट इंडिया कंपनीच्या दिल्लीतल्या वकिलांनी लिहिलेलं पत्रही आहे, म्हणजे बाहेरचा पुरावाही हाताशी आहे.

रणजितसिंगांकडे आलं की मामला अवघड होतो, आणि म्हणून जास्त रंजक. 1799 मध्ये लाहोर घेतलं, 1801 मध्ये महाराजा झाले. नाणी नानकशाही, सरकारचं नाव सरकार-ए-खालसा. म्हणजे विधान टिकलं? थांबा. त्यांच्याच काळात, 1805 नंतर, गुरमता भरवणं बंद पडलं. नाव खालशाचं आणि निर्णय एका माणसाचे. शिक्क्यावरचा आदर्श आणि दरबारातली पद्धत यांत अंतर पडलं ते असं.

परंपरेत एक कथा आहे: वर्तनाबद्दल अकाल तख्ताचे अकाली फूलासिंग यांनी महाराजांना शिक्षेसाठी बोलावलं, आणि महाराजांनी मान खाली घालून फटके खायची तयारी दाखवली. आपल्याला लगेच रामशास्त्री प्रभुणे आणि राघोबा आठवतात. पण फरक बघा. रामशास्त्री पेशव्यांनी नेमलेले न्यायाधीश. राघोबा ऐकेना, तेव्हा त्यांच्या हातात पद सोडून निघून जाणं एवढंच होतं. अकाल तख्ताचा अधिकार महाराजांनी दिलेला नव्हता, म्हणून तो महाराजांना काढूनही घेता येत नव्हता. कथेतला तपशील किती खरा, हा वेगळा प्रश्न. पण समाजाने कोणती कथा जपून ठेवली हाही पुरावाच असतो, फक्त तो घटनेचा नसून आदर्शाचा असतो. तुमच्या प्रबंधात हे दोन पुरावे एकाच वाक्यात मिसळू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

जाता जाता: नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची आजची मुख्य इमारत 1832 ते 1837 दरम्यान रणजितसिंगांच्या मदतीने बांधली गेली, तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. त्याच सुमारास पंजाबातून शीख सैनिक हैदराबाद संस्थानात आले. दख्खनी शिखांतली बरीच कुटुंबं त्यांची वंशज.

आता कायद्याचं राज्य

लोकशाहीत तख्ताचं काय करायचं? पंजाबात 1925 च्या गुरुद्वारा कायद्याने निवडणुकीचा मार्ग काढला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी मतदानाने निवडायची, आणि मतदार म्हणून शीख स्त्रियाही. एक प्रकारे गुरमत्याचं हे कायदेशीर रूप, अर्थात सरकारच्या मतदारयादीवर चालणारं.

नांदेडचा कायदा वेगळा. तो 1956 मध्ये हैदराबाद राज्याने केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदेड द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि 1960 ला महाराष्ट्रात. कायदा मागून आला, जसाच्या तसा. त्यातलं मंडळ 17 जणांचं. 2015 मध्ये कलम 11 बदलून अध्यक्ष नेमण्याचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने नव्या कायद्याला मंजुरी दिली. त्यात 17 पैकी 12 सदस्य सरकारने नेमायचे, 3 निवडून यायचे आणि शिरोमणी कमिटीचे 4 वरून 2 व्हायचे. नांदेडमध्ये आणि पंजाबात जोरदार विरोध झाला आणि सरकारला ते थांबवावं लागलं.

पेपरात ही बातमी 'गुरुद्वारा बोर्डाचा वाद' म्हणून येते. पण तुम्ही आत्तापर्यंतचं वाचलं आहे, तेव्हा तिच्याखालचा प्रश्न दिसेल: देहधारी गुरू नाही असं जिथे ठरलं, त्याच गावात सार्वभौम समुदायाच्या वतीने बोलणारे 17 लोक कोण ठरवणार? सरकारची बाजूही हसण्यावारी नेऊ नका. सार्वजनिक देणग्या आणि मोठी मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेवर देखरेख हवी, हे म्हणणं आपण इतर देवस्थानांबद्दलही मांडतो. शिवाय हजुरी शिखांच्या काही परंपरा पंजाबपेक्षा वेगळ्या आहेत. हजूर साहिबला आरती होते आणि दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. त्यामुळे अमृतसरचं वर्चस्व नको, असं वाटणारे स्थानिक शीखही असू शकतात. तरीही माझं मत विचाराल तर 17 पैकी 12 हे देखरेखीचं प्रमाण नाही. तो ताबा झाला.

आणखी एक धागा. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुद्वाऱ्यात प्रतिष्ठापित गुरू ग्रंथ साहिब ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, असा निकाल दिला. सातबाऱ्यासारख्या महसुली नोंदीत ग्रंथाचं नाव लावण्यावरून खटला सुरू झाला होता. यामुळे ग्रंथ मूर्तीच्या पंगतीत बसतो का, अशी शंका होती. न्यायालयाने ती नाकारली आणि गुरू म्हणूनच त्याचं स्थान मानलं. म्हणजे मुघल दफ्तरात नसलेला खाना भारतीय कायद्यात अर्धामुर्धा का होईना, तयार झाला.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. खालसा राज्य करील, या अर्थाचा एक दोहा अरदासनंतर म्हटला जातो. खलिस्तानच्या मागणीत तो घोषणा म्हणून वापरला गेला, त्यामुळे तो ऐकला की बाहेरचा माणूस दचकतो. तो दोहा गुरू ग्रंथ साहिबात नाही. भाई नंदलाल यांच्या नावावर असलेल्या 'तनखाहनामा'त सापडतो. रोज तो म्हणणाऱ्या कोट्यवधींपैकी बहुतेकांसाठी तो न्यायाच्या आशेचा उच्चार आहे. 1984 चं नाव घेतल्याशिवाय या विषयावर आधुनिक काळाचं प्रकरण लिहिता येणार नाही, आणि फक्त 1984 लिहून ते पूर्णही होणार नाही. मुलाखती घेणार असाल तर हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका.

मग सिनॉप्सिसचं शीर्षक काय? 'शीख धर्मातील आदर्श राज्य' खोडा. त्याऐवजी असं काही: 'नांदेड गुरुद्वारा कायदा 1956 आणि त्यातील बदलांवरील वादात पंथाच्या सार्वभौमत्वाची मांडणी, 2015 ते 2024'. काळ ठरला, जागा ठरली, कागद ठरले. विधिमंडळाची कार्यवृत्तं, न्यायालयाचे आदेश, नांदेडची मराठी वर्तमानपत्रं, आणि दोन्ही बाजूंच्या मुलाखती. नाण्यांचा विषय घेणार असाल तर फारसी थोडी तरी शिकावी लागेल. नामदेवांची पदं घेतलीत तर गुरमुखी. गुरमुखी लिपी मन लावलं तर महिन्याभरात वाचता येते, देवनागरीवाल्याला तर आणखी सोपी. सौंदडसारख्या गावात बसून हे कसं जमणार असं वाटत असेल, तर पंजाब डिजिटल लायब्ररीवर हस्तलिखितं मोबाइलवरही उघडतात. रेंज असेल तर.

फील्डवर्कला नांदेडला जाल तेव्हा 1956 च्या कायद्याची प्रत आणि डोक्याला बांधायला रुमाल, दोन्ही बॅगेत ठेवा. मुलाखतीची वेळ दुपारची ठरली असेल तर जेवणाची काळजी करू नका, लंगर सुरू असतो.